नॉर्मल आकड्यामागचे कष्ट

शरीरक्रियाशास्त्र निरोगी शरीराचे काम कसे चालते ते सांगते, विकृतिशास्त्र आजाराने अवयवांत आणि पेशींत कोणते बदल घडले ते दाखवते, आणि या दोहोंच्या मधली जागा पॅथोफिजिओलॉजी, म्हणजे विकृत शरीरक्रियाशास्त्र, या विषयाची असते. निरोगी काम कोणत्या पायरीवर बिघडले, त्या बिघाडाला शरीराने काय उत्तर दिले आणि त्या उत्तराची खूण रुग्णाच्या अंगावर कोठे उमटली, हे त्याचे क्षेत्र होय. पदव्युत्तर नर्सिंगच्या परीक्षेला बसणाऱ्या परिचारिकेला यातली दृश्ये नवी नसतात. एम. एस्सी. नर्सिंगला येण्यापूर्वी तिने वॉर्डात काम केलेले असते. सुजलेले पाय, रात्री वाढणारी धाप, थंड पडलेली बोटे, अंगावर फुटलेला घाम हे सारे तिने पाहिलेले, चार्टवर नोंदवलेले आणि ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगितलेलेही असते. नवे असते ते या खुणांना एकमेकींशी बांधणारे कारण. त्या कारणाचा शोध घेता घेता एक दृष्टी हाती येते, आणि या अभ्यासाचे सार तिच्यातच आहे: रुग्णाचा आकडा नॉर्मल आहे एवढ्यावरून रुग्ण ठीक आहे असे ठरत नाही, तो आकडा नॉर्मल राखण्यासाठी शरीर किती कष्ट उपसत आहे हे पाहिल्यावाचून त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

परिचारिकेची जबाबदारी जसजशी वाढत गेली तसतसे या विषयाचे महत्त्वही वाढले. अमेरिकेत १९६५ मध्ये लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने कोलोरॅडो विद्यापीठात नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे स्वतः तपासणी करून ठरावीक मर्यादेत निर्णय घेऊ शकणाऱ्या परिचारिकेचा, पहिला अभ्यासक्रम सुरू केला. पुढे तेथील पदव्युत्तर शिक्षणात पॅथोफिजिओलॉजी, औषधशास्त्र आणि शारीरिक तपासणी हे तीन विषय प्रगत परिचर्येचा पाया मानले गेले. इंडियन नर्सिंग कौन्सिलने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आखला, त्यातही हे तिन्ही विषय आहेत आणि शिक्षणाचा मोठा भाग प्रत्यक्ष रुग्णाजवळ घ्यायचा आहे. या त्रयीमागचा विचार साधा आहे: तपासणीने खूण सापडते, पॅथोफिजिओलॉजीने तिचा अर्थ लागतो आणि औषधशास्त्राने त्या अर्थावर काय करता येईल ते कळते. मधला दुवा कच्चा राहिला तर तपासणी ही केवळ नोंद ठरते आणि औषध देणे हे केवळ हुकूम पाळणे ठरते.

हा दुवा कच्चा राहण्याचे एक कारण परीक्षेच्या तयारीच्या रूढ पद्धतीतच आहे. अमुक आजाराची पॅथोफिजिओलॉजी लिहा, असा प्रश्न आला की बाणांची उतरती आकृती काढायची, कारणापासून सुरुवात करून लक्षणांपर्यंत यायचे आणि पुढे परिचर्येचा आराखडा लिहायचा, ही पद्धत विद्यार्थिनींच्या हाताला इतकी बसलेली असते की बाण पाठ होतात आणि बाणाचा अर्थ मात्र विचारला जात नाही. ‘हृदयाची शक्ती कमी’ आणि ‘पायांवर सूज’ या दोन चौकटींच्या मधल्या एका बाणात मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस आणि अधिवृक्क ग्रंथी अशा चार अवयवांचे काम दडलेले असते. तोंडी परीक्षेत परीक्षकाने नेमके त्या बाणावर बोट ठेवून ‘का?’ असे विचारले, की पाठ केलेली आकृती तेथेच थांबते. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्या अनेक परिचारिकांना हा थांबा अनुभवावा लागतो. पुष्कळदा खरा अभ्यास त्या थांब्यानंतरच सुरू होतो.

त्या ‘का’चे उत्तर शोधताना मागे, शरीरक्रियाशास्त्राच्या मुळाशी जावे लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात असा विचार मांडला की शरीरातील पेशी बाहेरच्या जगात नव्हे, तर आतल्या द्रवरूप परिसरात राहतात आणि तो परिसर स्थिर राहणे ही मुक्त जीवनाची अट आहे. वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये या स्थैर्याला होमिओस्टॅसिस, म्हणजे समस्थिती, हे नाव दिले. समस्थिती म्हणजे शांतपणा नव्हे, तर सतत चाललेली दुरुस्ती होय. एक राशी घसरू लागली की शरीर दुसरी वाढवते आणि तोल राखते. या क्रियेला भरपाई म्हणतात. रक्तदाबाचेच उदाहरण घेतले तर सरासरी रक्तदाब हा स्थूलमानाने हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त आणि रक्तवाहिन्यांचा विरोध यांचा गुणाकार असतो. हृदयातून येणारे रक्त कमी झाले तरी वाहिन्या आकसून विरोध वाढवू शकतात, आणि गुणाकार होता तेवढाच राहतो. मॉनिटर मात्र गुणाकारच दाखवतो. त्याच्या आतले दोन आकडे कसे बदलले ते दाखवत नाही. ते रुग्णाच्या हाताला हात लावून, नखाचा रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहून आणि लघवीचे माप घेऊन ओळखावे लागते, आणि ही तिन्ही कामे परिचारिकेची आहेत.

रक्तस्रावाच्या अभ्यासात हा विचार पहिल्यांदा ठसठशीतपणे समोर येतो. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते आणि त्यातले १५ ते ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा रक्तदाब बहुधा टिकून राहतो. बदलतात ते नाडीचे ठोके, जे १०० च्या वर जातात, आणि नाडीदाब, म्हणजे वरच्या व खालच्या रक्तदाबातले अंतर, जे कमी होत जाते. वाहिन्या आकसल्याने खालचा दाब वर सरकतो आणि दोन आकडे एकमेकांजवळ येऊ लागतात. ३० टक्क्यांहून अधिक रक्त गेले की भरपाई अपुरी पडते आणि मग वरचा दाब कोसळतो. बाळंतिणीच्या बाबतीत हे आणखी फसवे असते, कारण गरोदरपणात रक्ताचे आकारमान बरेच वाढलेले असते आणि त्या वाढीव साठ्याच्या आधारे तिचे शरीर मोठा रक्तस्रावही काही काळ झाकून ठेवते. प्रसूतिकक्षात काम केलेल्या परिचारिकेने हे शब्द वाचले की तिच्या मनात एखादी जुनी ड्यूटी जागी होते: रक्तदाब ११० वर ८०, नाडी ११८, बाळंतीण अस्वस्थ, पाणी मागणारी, आणि चार्टवर ‘बीपी स्थिर’ अशी नोंद. त्या वेळी जी अस्वस्थता केवळ थकवा म्हणून सोडून दिली गेली, ती मेंदूला रक्त कमी पडू लागल्याची खूण असू शकते, हे पुस्तकातून उशिरा उमगते. मागील अनुभवाचा असा नवा अर्थ लागणे सुखाचे नसते. पण या शिक्षणाचा तो अटळ आणि आवश्यक भाग आहे.

महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या वॉर्डांत डेंग्यू हाच धडा वेगळ्या वाटेने देतो. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप चढलेला असताना नव्हे, तर तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरताना येतो. त्या वेळी केशवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, वाहिन्यांबाहेर पोटाच्या आणि छातीच्या पोकळीत जातो, आणि मागे उरलेले रक्त घट्ट होते. हे घट्ट होणे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे आकारमानी प्रमाण, वाढल्यावरून कळते. नातेवाइकांचे सारे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असते, ताप उतरल्याने घरच्यांना हायसे वाटलेले असते, आणि नेमक्या त्याच तासांत पोटदुखी, सतत उलटी, सुस्ती किंवा चलबिचल या धोक्याच्या खुणा दिसू लागतात. मुलाचा रक्तदाब १०० वर ८२ असेल तर वरचा आकडा पाहणारा निश्चिंत होतो, आणि अंतर पाहणारा सावध होतो. कारण नाडीदाब २० किंवा त्याहून कमी होणे ही डेंग्यूतल्या शॉकची खूण आहे. केशवाहिनीच्या भिंतीवरच्या दाबांचा हिशेब अर्न्स्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडला. परीक्षेसाठी तो रुक्ष समीकरणासारखा पाठ केला जातो. पण हिमॅटोक्रिटच्या दर काही तासांनी येणाऱ्या अहवालाशी तो जोडला, तर सलाइनचा वेग केव्हा वाढवायचा आणि पाझर थांबून द्रव परत वाहिन्यांत येऊ लागल्यावर तो केव्हा आवरायचा, या वैद्यकीय निर्णयामागचे कारण स्वच्छ दिसते.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण दम्याच्या तीव्र झटक्याचे आहे. धमनीतल्या रक्ताच्या वायूंची तपासणी, जिला सारे एबीजी म्हणतात, तिच्यात कार्बन डायऑक्साइडचा दाब सामान्यतः ३५ ते ४५ मिलिमीटर असतो. झटक्यात श्वासनलिका आकसतात, रुग्ण जलद श्वास घेऊ लागतो आणि त्या जलद श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर टाकला जाऊन हा आकडा खाली, तिशीच्या आसपास, येतो. म्हणजे झटका चालू असताना हा आकडा कमी असणेच अपेक्षित आहे. काही तासांनी श्वासाचे स्नायू दमले, हवा पुरेशी आत-बाहेर होईना, की कार्बन डायऑक्साइड साचू लागतो आणि आकडा ३० वरून ४० वर येतो. अहवालावर ४० च्या पुढे ‘नॉर्मल’ असे छापलेले असते, छातीतली घरघरही हवाच कमी फिरत असल्याने शांत झालेली असते, रुग्ण गप्प असतो. आणि तो खरे तर श्वास थांबण्याच्या वाटेवर असतो. नॉर्मल हा शब्द किती अपुरा आहे हे इतक्या थोडक्यात शिकवणारे दुसरे उदाहरण मिळणे अवघड आहे. आकडा कोठे आहे यापेक्षा तो कोठून आला आणि या अवस्थेत तो कोठे असायला हवा होता, हा प्रश्न विचारण्याची सवय येथून लागते.

मधुमेहातील कीटोॲसिडोसिसमध्ये तीच सवय जीव वाचवणारी ठरते. इन्सुलिनच्या अभावी शरीर चरबी जाळते, त्यातून आम्लधर्मी कीटोन साचतात, रक्ताचा पीएच ७.३५ च्या खाली उतरू लागतो आणि मेंदूतले केंद्र श्वास खोल व जलद करून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने आम्ल बाहेर टाकू लागते. ॲडॉल्फ कुसमॉल यांनी १८७४ मध्ये वर्णिलेला हा श्वास धापेसारखा दिसतो. पण तो फुप्फुसाचा आजार नसून रक्तातील आम्लतेची भरपाई असते. पोटॅशियमची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे. लघवीवाटे शरीरातले पोटॅशियम भरपूर निघून गेलेले असते, तरी इन्सुलिनचा अभाव आणि रक्ताचा वाढलेला दाटपणा यांमुळे पेशींतले पोटॅशियम बाहेर येते आणि रक्तातला आकडा नॉर्मल किंवा थोडा वरच दिसतो. इन्सुलिन सुरू केले की ते पुन्हा पेशींत शिरते, रक्तातला आकडा झपाट्याने घसरतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणूनच इन्सुलिनचे इन्फ्युजन लावण्यापूर्वी पोटॅशियमचा अहवाल पाहण्याचा आणि तो कमी असल्यास आधी पोटॅशियम देण्याचा नियम आहे. नियम पाठ असलेली परिचारिका तो पाळते. कारण कळलेली परिचारिका मध्यरात्री अहवाल यायला उशीर झाला तर प्रयोगशाळेला फोन करते, कारण त्या आकड्यावाचून पुढे जाण्याचा धोका तिला दिसत असतो.

भरपाई ही नेहमी मित्रच असते असेही नाही. हृदय दुबळे झाले की मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचते. ते याला रक्तस्राव समजून रेनिन सोडते, यकृतातून आलेल्या प्रथिनापासून अँजिओटेन्सिन तयार होते, फुप्फुसातील वाहिन्यांच्या अस्तरावरचे विकर त्याला अधिक प्रभावी रूप देते आणि अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन स्रवून मीठ व पाणी धरून ठेवायला लावते. रक्तस्रावात जी यंत्रणा प्राण वाचवते, तीच येथे आधीच दमलेल्या हृदयावर पाण्याचा भार आणि आकसलेल्या वाहिन्यांचा विरोध टाकते. पायांवरची सूज ही म्हणून दुबळेपणाची थेट खूण नसून शरीराच्या चुकीच्या दिशेने गेलेल्या उपायाची खूण असते. एनालाप्रिल या औषधाने ही साखळी मध्येच तोडली तर तीव्र हृदयदौर्बल्यातले मृत्यू कमी होतात, हे उत्तर युरोपातील कन्सेन्सस या चाचणीने १९८७ मध्ये दाखवले.

साखळी कोठे तोडायची हे यंत्रणा समजल्याने कसे कळते, याचे एक उदाहरण कोकणातले आहे. लाल विंचवाच्या विषाने मज्जातंतूंवरील सोडियमच्या मार्गिका उघड्या राहतात, ॲड्रेनालिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो, वाहिन्या कमालीच्या आकसतात आणि त्या विरोधापुढे हृदय हतबल होऊन फुप्फुसांत पाणी साचते. महाडच्या परिसरात असे रुग्ण पाहणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या वाहिन्यांवरील अल्फा ग्राही अडवणारे प्राझोसिन हे साधे, तोंडाने देण्याचे औषध वापरले आणि १९८६ मध्ये ते अनुभव लॅन्सेट या नियतकालिकात मांडले. पदव्युत्तर अभ्यासात हे उदाहरण मराठी विद्यार्थिनीला जवळचे वाटते ते केवळ भूमीमुळे नव्हे, तर घाम, उलटी आणि थंड हातपाय या साध्या निरीक्षणांतून एका ग्रामीण रुग्णालयात यंत्रणेचा माग काढता आला म्हणून.

या सर्व अभ्यासाचा आरसा वॉर्डातल्या एका रकान्यात दिसतो, तो म्हणजे श्वासांच्या संख्येचा. नाडी, रक्तदाब, तापमान, ऑक्सिजन या साऱ्यांना यंत्र असते, पण साध्या वॉर्डात श्वास मोजायचे काम डोळ्यांनी आणि घड्याळानेच करावे लागते. चाळीस रुग्णांमागे दोन सिस्टर असताना तेवढी मिनिटे सापडत नाहीत आणि अनेक चार्टांवर खालपर्यंत २० हाच आकडा उतरत जातो. हे काम वाईट हेतूने होत नाही, मनुष्यबळाच्या टंचाईतून आणि त्या आकड्याचे मोल कोणी समजावून न सांगितल्यातून होते. पॅथोफिजिओलॉजी शिकलेल्या परिचारिकेला मात्र तो रकाना पुन्हा तसा भरणे जड जाते. रक्तस्राव, डेंग्यूतला पाझर, जंतुसंसर्ग, आम्लता, हृदयदौर्बल्य या प्रत्येकात शरीराची भरपाई लवकर दिसते ती श्वासात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या धोकासूचक गुणतक्त्यात श्वासांची संख्या मिनिटाला २५ किंवा अधिक असेल तर त्या एका खुणेसाठी सर्वाधिक, म्हणजे ३ गुण दिले जातात, ते याच कारणाने.

अभ्यासाची भाषा हाही या अनुभवाचा मोठा भाग आहे. पुस्तके इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, आणि रुग्ण व त्याचे नातेवाईक मराठी बोलणारे. अनेक विद्यार्थिनींचे शालेय शिक्षणही मराठीतून झालेले. सुरुवातीला ही अडचण वाटते, पण हळूहळू तीच कसोटी होते. ‘सिस्टर, ताप गेला ना, मग सुट्टी का नाही?’ या प्रश्नाला, वाहिन्यांतून पाणी पाझरण्याचा धोका ताप गेल्यावरच असतो, हे आईला समजेल अशा मराठीत सांगता आले, तर परिचारिकेला डेंग्यू समजला. सांगता आले नाही, तर तिला फक्त शब्द पाठ झाले. रात्रपाळीनंतर झोपेची उणीव असताना पाने पालटण्यापेक्षा, ड्यूटीवर पाहिलेल्या एका रुग्णाची साखळी लक्षणापासून उलटी, कारणापर्यंत, कोऱ्या कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहिणे अधिक टिकते, असा अशा विद्यार्थिनींचा अनुभव आहे. आणि प्रत्येक बाणाशेजारी त्याचे कारण एका वाक्यात लिहिण्याची सक्ती स्वतःवर केली की कोणता बाण उसना आहे ते लगेच उघडे पडते.

या ज्ञानाने परिचारिका डॉक्टरची जागा घेत नाही. तिचे निवेदन मात्र बदलते. ‘बीपी शंभर आहे’ एवढे सांगणे आणि ‘वरचा दाब शंभर टिकून आहे, पण खालचा ब्याऐंशीवर चढला आहे, हात थंड आहेत, चार तासांत लघवी झालेली नाही आणि श्वास तीस आहेत’ असे सांगणे, या दोन फोनांनंतर घडणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात. दुसऱ्या निवेदनात निदानाचा दावा नाही. शरीराच्या कष्टांची साक्ष आहे, आणि ती साक्ष चोवीस तास खाटेजवळ असणाऱ्या व्यक्तीखेरीज कोणी देऊ शकत नाही.

म्हणून या परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला आणि तिला शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षिकेला आग्रहाची विनंती अशी, की कोणत्याही आजाराचे उत्तर लिहिताना उपचारांकडे वळण्यापूर्वी एक ओळ अवश्य लिहावी: या अवस्थेत शरीर कोणता आकडा धरून ठेवते आणि त्यासाठी कोणती किंमत मोजते. आणि पुढच्या ड्यूटीला गेल्यावर, कितीही घाई असली तरी, वॉर्डातल्या सर्वांत गप्प रुग्णाजवळ थांबून त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत.